शुद्ध आहार आणि बेताचा खर्च

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा पाठ)



पन्नास वर्षे हा कोणत्याही संस्थेच्या वाटचालीत क्षणभर थांबून मागे पाहण्याचा आणि पुढची वाट ठरविण्याचा टप्पा असतो. अशा प्रसंगी इमारतींचा, देणग्यांचा आणि उपक्रमांचा आढावा घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या समाजाची ओळखच मुळी त्याच्या आहारातील विवेकामुळे झाली, त्या समाजाने अशा शुभप्रसंगी आपल्या ताटाकडेही एकवार निरखून पाहावे, हे अधिक औचित्याचे ठरेल.

जैन घरातील स्वयंपाकघर हे शतकानुशतके एक प्रकारचे साधनास्थान राहिले आहे. पाणी गाळून घ्यावे, धान्य निवडून-वेचून घ्यावे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावे, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी टाळावी, चातुर्मासात पालेभाज्यांचा त्याग करावा, कंदमुळे वर्ज्य मानावीत, हे संस्कार घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी कोणतीही पोथी न उघडता पुढच्या पिढीच्या हाती दिले. काय खावे, केव्हा खावे आणि किती खावे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे परंपरेने दिली. मात्र आजच्या काळाने चौथा प्रश्न पुढे ठेवला आहे. जे खाल्ले जाते ते पिकले कसे? गाळलेल्या पाण्यात शिजवलेला, दिवसाउजेडी वाढलेला भात ज्या शेतातून आला, त्या शेतात किती जीवांवर विष फवारले गेले, हे विचारणे आता अपरिहार्य झाले आहे.

हा प्रश्न मांडला की समाजातून लगेच एक उत्तर येते. "सेंद्रिय धान्य ही श्रीमंतांची हौस आहे, बेताच्या मिळकतीत संसार करणाऱ्याला ती परवडणार नाही." हे उत्तर सहजासहजी झटकून टाकता येण्यासारखे नाही. मोठ्या शहरांतील वातानुकूलित दुकानांमध्ये आकर्षक पाकिटात मिळणारे सेंद्रिय तांदूळ आणि डाळी खरोखरच महाग असतात. दुकानात नोकरी करणारा, घरभाडे भरणारा, मुलांच्या शिक्षणाचा खर्च सोसणारा गृहस्थ त्या किमती पाहून मागे फिरला, तर त्याला दोष देता येत नाही. शुद्ध आहार हा जर केवळ धनिकांनाच साधणारा धर्म असेल, तर तो धर्म अपुराच म्हणावा लागेल. म्हणूनच या विषयाचा विचार भावनेच्या भरात न करता वहीखाते उघडून करावयास हवा.

धानाच्या जिल्ह्याचे भाग्य

या विचाराला भंडारा जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके या जिल्ह्यात राहिले. वैनगंगेचे पाणी, गावोगावचे माजी मालगुजारी तलाव आणि त्यांच्या खाली पसरलेल्या धानाच्या बांध्या हे या भूमीचे वैभव आहे. धान निघाल्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर जवस, हरभरा, लाखोळी घ्यावी आणि बांधीच्या धुऱ्यावर तूर लावावी, ही येथील जुनी रीत. मुंबई-पुण्याच्या गृहिणीला ज्या धान्यासाठी शेकडो किलोमीटरच्या वाहतुकीचे, गोदामाचे आणि पाकिटाचे पैसे मोजावे लागतात, तेच धान्य भंडाऱ्याच्या गृहिणीच्या घरापासून काही कोसांवर पिकते. सेंद्रिय मालाच्या महागाईत शेतकऱ्याच्या वाट्यापेक्षा मधल्या प्रवासाचा वाटा मोठा असू शकतो. तो प्रवासच जेथे नाही, तेथे महागाईचे अर्धे कारण उरत नाही.

या जिल्ह्याच्या सुगंधी चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही २०२१ साली तो मान मिळाला. तथापि चिन्नोरचे उत्पन्न कमी आणि भाव अधिक असतो. सणावाराच्या ताटाची ती शोभा आहे. रोजच्या भातासाठी मात्र साधे वाणच उपयोगी पडतात. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे अल्पशिक्षित शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निरीक्षणातून निवडलेला एचएमटी हा वाण देशभर पोहोचला. २०१८ साली त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी दिलेला भात आजही असंख्य घरांत शिजतो. साधा वाण स्वच्छ पद्धतीने पिकविलेला असेल, तर तोही उत्तमच होय.

विषाने कीड संपते काय?

हरितक्रांतीने देशाला उपासमारीच्या भयातून बाहेर काढले, ही गोष्ट कृतज्ञतेने मान्य केली पाहिजे. १९६६ साली फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हा ठेंगणा वाण दिला आणि आशियातील भातशेतीचे रूप पालटले. परंतु अशा वाणांबरोबर रासायनिक खतांची आणि कीटकनाशकांची सवयही शेताला लागली.

धान उत्पादकांचा मोठा शत्रू म्हणजे तुडतुडे. २०१७ च्या खरिपात तुडतुड्यांनी पूर्व विदर्भातील धानाची मोठी हानी केली आणि त्या वर्षीच्या नागपूर अधिवेशनात शासनाला नुकसानग्रस्तांसाठी मदत जाहीर करावी लागली. वास्तविक या किडीचा धडा जगाने त्यापूर्वीच घेतला होता. इंडोनेशियामध्ये तुडतुड्यांचा प्रकोप झाला तेव्हा तज्ज्ञांच्या ध्यानात आले की, बेसुमार फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि मित्रकीटकच आधी मरतात आणि कीड उलट फोफावते. १९८६ साली त्या देशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. त्यानंतर भाताचे उत्पादन कोसळले नाही, ते वाढतच राहिले. जीवांना जगू दिल्याने पीक वाचते, हे सांगणारे उदाहरण धर्मग्रंथातून नव्हे, तर कृषिशास्त्राच्या अनुभवातून आले आहे.

त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांनी प्राण गमावले. स्वस्त धान्याची आणि स्वस्त कापसाची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर त्या घटनेने दिले. बाजारातील पावतीवर ती रक्कम छापलेली नसते. परंतु ती कोणाच्या तरी घरातून वसूल झालेली असते.

धर्माची कसोटी

येथे एक शंका प्रामाणिकपणे विचारात घेतली पाहिजे. सेंद्रिय शेतीत हिंसा होत नाही काय? नांगर फिरतो तेव्हा गांडुळे मरतात. निंबोळी अर्काने किडींचा जीव जातो. शेणखतात आणि जीवामृतात असंख्य सूक्ष्म जीव असतात. मग सेंद्रिय अन्न अहिंसक कसे?

याचे उत्तर परंपरेतच आहे. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे मानवाला शिकविली, असे मानले जाते. त्यात कृषीचे स्थान आहे. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. शेतीतील हिंसा ही उद्योगी हिंसा होय; ती सर्वथा टळत नाही, पण यत्नाने कमी करता येते. 'सेंद्रिय म्हणजे पूर्ण अहिंसक' असा दावा कोणी करू नये. संपूर्ण शेतातील जीवसृष्टी एका फवाऱ्यात नष्ट करणारी पद्धत आणि तिच्याशी जुळवून घेऊन पीक काढणारी पद्धत यांत जो फरक आहे, तोच विवेकाचा फरक आहे. गृहस्थाला निवड करावयाची असते ती हिंसा आणि अहिंसा यांमध्ये नव्हे, तर अधिक हिंसा आणि अल्प हिंसा यांमध्ये.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये विषवाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हा विषय अवघड आहे, कारण गावोगावी कृषी केंद्र चालविणारी कुटुंबे समाजातही आहेत आणि त्यांचा चरितार्थ त्यावर अवलंबून आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून कोणाचेही कल्याण होणार नाही. जोपर्यंत समाज स्वतः विषमुक्त धान्याला ग्राहक देत नाही, तोपर्यंत त्या दुकानदाराला निंबोळी पेंड, गांडूळखत, जैविक घटक यांचा व्यापार वाढविण्यास सांगणे हे केवळ उपदेश ठरेल. ग्राहक बदलला की दुकानाची मांडणी बदलते, हा व्यापाराचा सनातन नियम आहे.

आरोग्याविषयी संयमित बोल

आरोग्याच्या संदर्भात अतिशयोक्ती टाळावी. सेंद्रिय अन्नाने सर्व व्याधी बऱ्या होतात, असे कोणी सांगत असेल तर त्यापासून सावध राहणेच बरे. २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पूर्वीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना आढळला नाही. मात्र त्यात कीटकनाशकांचे अवशेष आढळण्याची शक्यता कमी असल्याचे दिसून आले. २०१४ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही उपकारक घटक अधिक आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. या दोहोंतून निघणारा अर्थ इतकाच की, विष कमी पोटात जाते. तेवढा लाभही लहान नाही.

तसेच 'नैसर्गिक ते सर्व निर्दोष' हा समजही बरोबर नाही. लाखोळी ही धानाच्या ओलाव्यावर खताविना येणारी डाळ. तरीही ती नित्य मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास लॅथिरिझम हा पाय पांगळे करणारा विकार जडू शकतो. म्हणून श्रद्धेबरोबर माहितीही हवी.

वहीखाते काय सांगते?

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. खर्चाचे काय? एकदम संपूर्ण स्वयंपाकघर बदलण्याचा संकल्प करणारे कुटुंब दोन महिन्यांत थकून जुन्या वाटेवर येते. बदल पायरीपायरीने करावा. पहिल्या वर्षी केवळ तांदूळ आणि तुरीची डाळ. दुसऱ्या वर्षी गहू, गूळ आणि तेल. त्यानंतर भाजीपाला. हा क्रम लावण्यामागे कारण आहे. धान्य आणि डाळ वर्षातून एकदा घेता येतात, टिकतात आणि थेट शेतकऱ्याकडून मिळतात. त्यामुळे त्यांत बचतीला सर्वाधिक वाव असतो.

तांदळाचे उदाहरण घ्यावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. समजा, विषमुक्त धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याला समाजाने ३,००० रुपये क्विंटल असा भाव दिला. गिरणीत पांढरा शुभ्र तांदूळ काढला तर क्विंटलमागे सुमारे ६७ किलो तांदूळ मिळतो. म्हणजे किलोला साधारण पावणेपंचेचाळीस रुपये पडले. तोच धान केवळ टरफल काढून, कोंडा राखून घेतला तर सुमारे ७५ किलो तांदूळ हाती येतो. म्हणजे किलोला ४० रुपये. भरडाईचा खर्च दोन्हीकडे धरावयाचा आहे. महिन्याला २० किलो तांदूळ लागणाऱ्या घरात निव्वळ पॉलिश टाळल्याने सुमारे ९५ रुपये वाचतात. शेतकऱ्याला क्विंटलमागे ६३१ रुपये अधिक मिळूनही गृहिणीच्या वहीत हा बोजा बऱ्याच अंशी हलका होतो.

यात आरोग्याचाही लाभ आहे. जावा बेटावर काम करणारे डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसून आले की, पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास तो बरा होतो. या कार्याबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या कोंड्याला मनुष्य पैसे देऊन काढून टाकतो, त्यातच जीवनसत्त्व असते.

हाच विचार विदर्भात नवा नाही. १९३४ च्या अखेरीस वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत महात्मा गांधी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि साखरेऐवजी गूळ यांचा प्रयोग केला. गरीब देशवासीयांना कमीत कमी पैशांत पोषक अन्न कसे मिळेल, हा त्या प्रयोगाचा उद्देश होता. शुद्ध आहार ही श्रीमंतांची चैन नसून गरिबाचा आधार व्हावा, हा विचार मगनवाडीने नव्वद वर्षांपूर्वी मांडला.

आता एकूण महिन्याचा हिशेब मांडावा. पाच माणसांच्या घरात २० किलो तांदूळ, १५ किलो गहू आणि ५ किलो डाळी-कडधान्ये लागतात असे धरले. तांदूळ-गव्हात किलोमागे १० रुपये आणि डाळीत ३० रुपये अधिक द्यावे लागले, तर महिन्याचा वाढीव खर्च ५०० रुपये होतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घराने आपले आकडे आपल्या वहीतून घालावेत. यापुढचा प्रश्न असा की, हे ५०० रुपये कोठून आणावयाचे? त्याच वहीत बिस्किटे, पाकिटबंद नमकीन, शीतपेये, बेकरीचे पदार्थ आणि बाहेरच्या खाण्याचा खर्च लिहून काढावा. पुष्कळ घरांत त्याच्या निम्म्यानेच हा फरक भरून निघेल. ज्या घरात तेवढीही चैन नाही, त्या घराने फक्त तांदळापासून आरंभ करावा; आणि तेही शक्य नसेल तर मनात न्यूनत्व बाळगू नये. शास्त्राने सांगितलेली ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, आणि ताटात काहीही न टाकणे, हे व्रत तर बिनपैशाचे आहे.

भाजी, पाणी आणि परसबाग

कीटकनाशकांच्या अवशेषांच्या दृष्टीने भाजीपाला अधिक चिंतेचा विषय असला, तरी खात्रीची सेंद्रिय भाजी नियमित आणि स्वस्त मिळणे कठीण असते. तेथे तीन उपाय करता येतात. पहिला उपाय म्हणजे ऋतूप्रमाणे खाणे. अवेळी पिकविलेल्या भाजीला जपण्यासाठी अधिक औषधे लागतात. पावसाळ्यात पालेभाज्यांवर कीड-रोगांचा जोर असतो. चातुर्मासातील पालेभाज्यांचा त्याग या दृष्टीनेही शहाणपणाचा ठरतो. दुसरा उपाय म्हणजे भाजी मिठाच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात काही वेळ ठेवून वाहत्या पाण्याने धुणे. त्यामुळे पृष्ठभागावरील अवशेष कमी होतात. झाडात भिनलेले औषध मात्र धुण्याने जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

तिसरा उपाय म्हणजे परसबाग. जुन्या घरांमागे अजूनही मोकळी जागा आहे. नवीन घरांना गच्ची आहे. एक शेवग्याचे झाड, एक कढीपत्ता, दोन दोडक्याचे आणि वालाचे वेल, चार कुंड्यांत कोथिंबीर आणि मिरची, एवढ्याने भाजीचा बराच भार हलका होतो. भाज्यांची साले, निवडलेला पाला आणि वाळलेली पाने कुजवून त्याचे खत करता येते. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काम करताना अल्बर्ट हॉवर्ड यांनी भारतीय शेतकऱ्यांच्या पद्धती अभ्यासून कंपोस्टची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली आणि पुढे जगभरच्या सेंद्रिय चळवळीला तिने प्रेरणा दिली. जगाने या मातीकडून जे शिकून घेतले, ते आपल्याच अंगणात करण्यास संकोच कशाला?

साठवणीतील विवेक

वर्षभराचे धान्य घेतले की साठवणीचा प्रश्न येतो, आणि जैन घरात तो अधिक नाजूक असतो. धान्यात सोंडे झाले तर निवडताना जीव दुखावतात. ते होऊ नयेत म्हणून विषारी गोळ्या ठेवल्या तर सेंद्रिय धान्य घेण्याचा हेतूच बुडतो. शिवाय त्या गोळ्यांचा वायू माणसाच्याही जिवावर बेततो. म्हणून कीड होऊच न देणे हाच खरा मार्ग. तांदळापेक्षा टरफलासह धान ठेवल्यास कीड कमी लागते. जुन्या घरांतील ढोली त्यासाठीच असे. कोंड्यासह तांदूळ फार दिवस टिकत नाही, कारण कोंड्यातील तेलाला खवट वास येतो. त्यामुळे धान घरी ठेवून महिन्या-दीड महिन्यापुरताच भरडून आणावा. डाळी आणि गहू कडक उन्हात वाळवावेत, डाळीला एरंडेल तेलाचा हात लावावा, भांड्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि झाकण घट्ट बसवावे. दहा किलोला पुरेल एवढे काम एका दुपारचे आहे.

शेतकऱ्याची पारख

'सेंद्रिय' असे नुसते लिहून विकणाऱ्यांची कमतरता नाही. पाकिटबंद माल घेताना 'जैविक भारत' हे चिन्ह पाहावे; २०१७ च्या सेंद्रिय अन्नविषयक विनियमांनी ते लागू केले आहे. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती त्याच विनियमांनी ठेवलेली नाही. तेथे प्रमाणपत्राची जागा परिचयाने घ्यावी लागते. कापड घेताना जसा पोत हाताला लावून पाहिला जातो, तसे शेत डोळ्यांनी पाहावे. रोवणीनंतर एकदा आणि धान निसवताना एकदा बांधीवर जाऊन यावे. शेतकऱ्याकडे गुरे आहेत काय, खत कोठून येते, कीड आली तर तो काय करतो, हे विचारावे. गटाने परस्परांची शेते तपासण्याची 'सहभाग हमी पद्धती' शासनाने मान्य केली आहे. २०१५-१६ पासूनच्या परंपरागत कृषी विकास योजनेतील गटांना तिचा आधार आहे.

एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. रासायनिक शेती सोडलेल्या शेताला पूर्ण सेंद्रिय म्हणवून घेण्यासाठी हंगामी पिकांत दोन ते तीन वर्षांचा रूपांतरकाळ जावा लागतो. या काळात शेतकऱ्याचे उत्पन्न अनेकदा घटते आणि बाजारात त्याला चांगला भावही मिळत नाही. पुष्कळ शेतकरी याच टप्प्यावर हार मानतात. यवतमाळचे सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेतीतील तोट्यानंतर नैसर्गिक शेतीची वाट धरली आणि अनेक वर्षांच्या चिकाटीनंतर २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र प्रत्येक शेतकऱ्याला एवढी वाट पाहता येत नाही. अशा रूपांतरकाळातील शेतकऱ्याचे धान्य घेणे हे कुटुंबाला तुलनेने स्वस्त पडते आणि त्या शेतकऱ्याला सर्वांत मोठा आधार देते. बेताच्या खर्चात शुद्ध आहार साधण्याचा हा दुहेरी पुण्याचा मार्ग होय.

एकट्याचे नव्हे, समाजाचे काम

एकट्या कुटुंबाने शेतकऱ्याकडे जाऊन दोन क्विंटल धान मागितला, तर दोघांनाही तो व्यवहार परवडत नाही. वीस कुटुंबे एकत्र आली तर चाळीस क्विंटलची मागणी होते. मग गाडी भरते, भरडाईचा दर ठरविता येतो आणि शेतकऱ्याला रोवणीपूर्वीच शब्द देता येतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात गृहिणींनी आणि शेतकऱ्यांनी मिळून 'तेईकेई' नावाची अशीच व्यवस्था उभारली. ग्राहकांनी आगाऊ मागणी नोंदवावी, पीक कमी-अधिक आले तरी साथ सोडू नये आणि शेतकऱ्याने विष टाळावे, असा तो परस्परांचा करार होता. पुढे युरोप-अमेरिकेतही अशा व्यवस्था रुजल्या.

ज्या समाजाने धर्मशाळा, पांजरपोळ, पाठशाळा आणि औषधालये वर्गणीतून उभी केली, त्याला ही व्यवस्था अवघड नाही. दिवाळीनंतर धान, माघ-फाल्गुनात तूर आणि चैत्र-वैशाखात गहू अशी वर्षातून तीनदा सामूहिक खरेदी करता येईल. हिशेब फलकावर लावावा. आगाऊ रक्कम ज्यांना देता येते त्यांनी द्यावी आणि ज्यांना एकदम पैसे देणे जड जाते, त्यांना हप्त्याने देण्याची सोय असावी. धान्याचा भाव मात्र सर्वांना एकच असावा. सामूहिक भोजनप्रसंगी आणि पारण्याच्या वेळी याच धान्याचा वापर सुरू केला, तर आरंभीच्या मागणीची चिंता राहणार नाही. वर्षभराच्या भोजनांतील एका पक्वान्नाचा खर्च वाचविला, तरी भावातील फरक निघून यावा. ताटातील पदार्थांची संख्या कमी झाली म्हणून कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

बंधू-भगिनींनो, सुवर्णमहोत्सवाचे क्षण सरतात, मंडप उतरतो, स्मरणिका कपाटात जाते. मागे काय राहते, हे त्या वर्षी घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते. पुढील खरिपात दहा कुटुंबांनी एका शेतकऱ्याला शब्द दिला आणि त्याच्या चार बांध्यांवर विषाचा फवारा फिरला नाही, तर त्या बांधीतील बेडूक, कोळी, गांडूळ आणि त्या शेतात राबणारा मजूर या सर्वांना अभय मिळेल. पाणी गाळताना गाळण्यात अडकलेला जीव ज्या हातांनी जपून परत पाण्यात सोडला, त्या हातांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गाळणे तेच आहे. ते आता शेताच्या धुऱ्यापर्यंत न्यावयाचे आहे.